चढायचीही आणि उतरायचीही: फ्रीराइड-टूरिंग स्कीची पारख कशी करावी

लिफ्टने वर जाणाऱ्याला स्की फक्त उतरण्यासाठी लागते. टूरिंग करणारा, म्हणजे लिफ्टशिवाय स्वतःच्या पायांनी चढणारा, मात्र तीच स्की, तळाला स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवून, तीन-चार तास डोंगरावर ओढत नेतो आणि मग तिच्यावरून जेमतेम अर्ध्या तासात खाली येतो. वेळेच्या हिशेबाने पाहिले तर ही स्की चढण्याचे साधन ठरते आणि आनंदाच्या हिशेबाने पाहिले तर उतरण्याचे. नवख्याची निवड बहुधा इथेच फसते, कारण त्याने स्की पाहिलेली असते ती दुकानाच्या भिंतीशी उभी असताना किंवा ताज्या पावडरमध्ये (भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फात), आणि या दोन्ही ठिकाणी जवळपास प्रत्येक स्की चांगलीच वाटते. अशा दुहेरी वापराच्या, म्हणजे फ्रीराइड-टूरिंगच्या (फ्रीराइड म्हणजे यंत्राने न दाबलेल्या बर्फावरून उतरणे), स्कीची खरी परीक्षा माझ्या मते दोनच ठिकाणी होते: गोठलेल्या आडव्या वाटेवर चढताना आणि थकलेल्या पायांनी खराब बर्फात उतरताना. पुढची सगळी तयारी या दोन ठिकाणांपर्यंत नीट पोहोचण्यासाठी आहे.

आधी आपले दहा दिवस मोजावेत

स्कीकडे वळण्यापूर्वी आपल्या हंगामातले कोणतेही दहा दिवस कागदावर मांडावेत. त्यांतले किती दिवस लिफ्टच्या आधाराने गेले, किती दिवस स्किन लावून चढण्यात गेले आणि चढाईच्या दिवशी साधारण किती मीटर उंची गाठली, एवढेच लिहावे. इथे प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे. गुडघाभर पावडर आणि तीव्र उताराचे दिवस आठवणीत जास्त राहतात, पण वहीत ते फार थोडे निघतात. दहापैकी सात दिवस लिफ्टचे असतील, तर थोडी जड आणि स्थिर स्की परवडते. सात दिवस चढाईचे असतील आणि दर वेळी १,००० मीटर किंवा त्याहून अधिक उंची गाठली जात असेल, तर प्रत्येक १०० ग्रॅमचा जाब द्यावा लागतो.

१८० सेंटिमीटरच्या आसपासच्या लांबीत एका स्कीचे वजन १,३०० ग्रॅमपर्यंत असेल, तर ती प्रामुख्याने चढाईची स्की समजावी. १,९०० ग्रॅमच्या पुढची स्की प्रामुख्याने उतरणीची असते. मधला, म्हणजे साधारण १,४५० ते १,८०० ग्रॅमचा पट्टा आपल्या कामाचा आहे. या पट्ट्याच्या दोन टोकांच्या स्वभावातही बराच फरक असतो, त्यामुळे 'सगळे जमते' एवढ्या वर्णनावर विसंबू नये. सगळे जमणाऱ्या स्कीचे पुष्कळदा एक ना धड भाराभर चिंध्या असे होते.

छापलेले आकडे वाचताना

स्कीवर १३०-१००-११८ असे तीन आकडे दिसतात. ही टोकाची, कमरेची आणि शेपटीची मिलिमीटरमधली रुंदी असते. यांतला मधला आकडा सर्वांत बोलका आहे. कंबर रुंद असेल तितकी स्की सैल बर्फावर तरंगते, पण घट्ट बर्फावर तिला कडेवर (बाजूच्या धातूच्या धारेवर) उभे करायला जास्त जोर लागतो. कारण सरळ आहे: १०५ मिलिमीटरच्या स्कीत कड बुटाच्या मध्यरेषेपासून ५२ मिलिमीटरहून थोडी जास्त लांब असते, तर ८८ मिलिमीटरच्या स्कीत ती ४४ मिलिमीटरवर असते. आडव्या, गोठलेल्या उतारावर ही जास्तीची लांबी तरफेसारखी घोट्याला बाहेर पिळते. दोन्ही कामांसाठी एकच जोडी ठेवायची असेल, तर ९५ ते १०५ मिलिमीटरची कंबर बहुतेकांना पुरते. ११० च्या पुढे जाण्याआधी आपल्या दहा दिवसांची वही पुन्हा उघडून पाहावी.

वळणाची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. १६-१७ मीटरची स्की पटकन वळते, २३-२४ मीटरची स्की लांब आणि वेगवान वळणे मागते. लांबी ठरवताना रॉकरकडे, म्हणजे टोक-शेपटीच्या वर उचललेल्या बाकाकडे, लक्ष द्यावे. टोक आणि शेपटी जमिनीवरून आधीच वर उचललेली असेल, तर घट्ट बर्फाला टेकणारी कड छापील लांबीपेक्षा बरीच आखूड असते, आणि म्हणून अशी स्की थोडी लांब घेतली तरी अंगावर येत नाही. स्कीपटू शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतून २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली 'स्पॅच्युला' ही स्की तर तळातून पूर्णपणे उलट्या बाकाची होती आणि ती खोल पावडरसाठीच बनवलेली होती. आजच्या दुहेरी वापराच्या स्कीत त्या कल्पनेचा सौम्य अंश उरला आहे: टोकाला रॉकर, पायाखाली कॅम्बर (मध्ये वर उचललेली कमान), आणि शेपटीला थोडासाच उठाव.

आता वजन. छापील वजन एका विशिष्ट लांबीचे असते आणि प्रत्यक्ष जोडी त्यापेक्षा थोडी कमी-जास्त भरते, म्हणून दोन्ही स्की काट्यावर वेगवेगळ्या ठेवून पाहाव्यात. वजनाला एवढे महत्त्व का, हे एका हिशेबावरून लक्षात येईल. १,००० मीटर उंचीची चढाई सरासरी १५ अंशांच्या वाटेने केली, तर वाटेची लांबी ३.८ किलोमीटरच्या पुढे जाते. एक पाय दर वेळी साधारण दीड मीटर पुढे सरकतो असे धरले, तर तो सुमारे अडीच हजार वेळा पुढे येतो. एका स्कीत ४०० ग्रॅम जास्त असतील, तर त्या एका पायाने दिवसअखेर जवळपास एक टन जास्तीचे वजन थोडे थोडे करून पुढे ढकललेले असते. पाठीवरच्या पिशवीतले ४०० ग्रॅम जाणवतही नाहीत; पायावरचे जाणवतात ते असे.

स्की हातात घेतल्यावर

दोन्ही स्की तळाला तळ लावून धराव्यात आणि बाजूने पाहावे. मध्ये दिसणारी फट म्हणजे कॅम्बर. टोकाकडे जिथून दोन्ही तळ एकमेकांपासून दूर जाऊ लागतात तिथून रॉकर सुरू होतो. फट हाताने दाबून मिटवायला किती जोर लागतो, हेही पाहून ठेवावे. मग शेपटी जमिनीवर टेकवून, एका हाताने टोक धरून, दुसऱ्या हाताने मधोमध दाबावे. स्की सगळीकडे सारखी वाकते, की टोकाशी मऊ आणि पायाखाली ताठ आहे, ते डोळ्यांना दिसते. शेवटी टोक दोन्ही हातांत धरून पिळून पाहावे. वाकायला मवाळ पण पिळायला चिवट अशी स्की घट्ट बर्फावर कड धरून ठेवते आणि सैल बर्फावर क्षमाशीलही राहते. माझ्या पसंतीचा मेळ हाच आहे.

आतला गाभा बहुधा लाकडाचा असतो. पॉलोनिया हलके असते. पॉप्लर त्याहून थोडे जड. ॲश आणि बीच जड पण दणकट. त्यावर काचतंतू, कार्बन किंवा टायटॅनल यांचे थर बसवतात. टायटॅनलच्या नावात टायटॅनियमचा भास असला, तरी तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याने वजन वाढते आणि थरथर शोषली जाते. कार्बन हलका आणि ताठ असतो, पण भरपूर कार्बन असलेली फार हलकी स्की खडबडीत बर्फावर टणटण उडते. यात बनावटीचा दोष असतोच असे नाही: कमी वस्तुमानाची वस्तू प्रत्येक ढेकळाच्या धक्क्याने दिशा बदलते, हा साधा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. म्हणूनच कोणी एखादी १,२०० ग्रॅमची स्की 'जड स्कीसारखीच स्थिर' असल्याचे सांगितले, तर ऐकून घ्यावे आणि काटा मागवावा.

चाचणीसाठी किंवा भाड्याने घेतलेल्या जोडीच्या कडा आणि तळ तपासल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नये. मी स्वतः एकदा एका जोडीला दिवसभर शिव्या घातल्या. ती कडक बर्फावर पकडच घेत नव्हती. संध्याकाळी कडेवरून बोट फिरवले तेव्हा ती पेन्सिलीसारखी गोल झालेली आढळली. तेव्हापासून मी सकाळीच अंगठ्याचे नख कडेवर आडवे ठेवून हलकेच ओढतो. नखावरून पांढरी भुकटी निघाली तर कड धारदार आहे. नख नुसतेच घसरले तर आधी धार लावून घ्यावी. तळावर सरळ धातूची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरावे. पट्टीखालून मधोमध उजेड दिसत असेल, तर कडा तळापेक्षा उंच राहिल्या आहेत आणि अशी स्की वळणात अडकते, मध्येच झटका देते. हा दोष घासून दुरुस्त होतो. स्कीच्या मूळ स्वभावाशी त्याचा संबंध नाही.

स्कीसोबतची मंडळी

स्कीची पारख एकटीची करता येत नाही, कारण बर्फापर्यंत पोहोचणारा प्रत्येक इशारा बूट आणि बाइंडिंगमधून (बूट स्कीला जोडणाऱ्या यंत्रणेतून) जातो. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात बुटाच्या टोकातल्या दोन खाचांत दोन पिना अडकवणारे बाइंडिंग घडवले आणि चढाईचे वजन एकदम उतरले. आजही ३०० ते ६०० ग्रॅमच्या बाइंडिंगांत हीच रचना असते. चढताना पिना आणि उतरताना अल्पाइन (लिफ्टवरच्या साध्या स्कीच्या) बाइंडिंगसारखी पकड देणारी मिश्र बाइंडिंगे एका पायाला ८५०-९०० ग्रॅमपर्यंत जातात. टूरिंग बाइंडिंगांसाठी आयएसओ १३९९२ आणि अल्पाइन बाइंडिंगांसाठी आयएसओ ९४६२ ही मानके आहेत. सर्वांत हलक्या पिन बाइंडिंगांकडे असे प्रमाणपत्र असतेच असे नाही, तेव्हा ते विचारून घ्यावे.

सगळी बेरीज एकदा मांडून पाहावी: स्की १,६०० ग्रॅम, बाइंडिंग ४००, बूट १,५००, स्किन २५०. एका पायावर पावणेचार किलो. या बेरजेत मेळ नसेल, तर स्कीला विनाकारण दोष दिला जातो. १,००० ग्रॅमचा मऊ बूट आणि १,९०० ग्रॅमची ताठ स्की ही जोडी मी नवख्यांच्या पायांत वारंवार पाहिली आहे. तिथे स्की माणसाला चालवते.

चाचणीच्या जोडीवर बहुधा मागे-पुढे सरकणारे बाइंडिंग असते. ते जड असते आणि बुटाला तळापासून उंच ठेवते. त्यामुळे चढताना जाणवलेल्या वजनातून तेवढे वजा करावे, आणि बुटाच्या मध्यावरची खूण स्कीवरच्या सुचवलेल्या रेषेवर आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. स्किनच्या बाबतीत एकच गोष्ट निक्षून सांगतो: ती त्या स्कीच्या मापाने कापलेली हवी, दोन्ही बाजूंनी सुमारे दोन-दोन मिलिमीटर तळ आणि कड उघडी राहील इतकी. ८५ मिलिमीटरची स्किन १०५ च्या स्कीवर लावली, तर मागे घसरण्याचा दोष स्कीच्या माथी बसतो. मोहेरची (अंगोरा शेळीच्या केसांची) स्किन जास्त सरकते, नायलॉनची जास्त धरते आणि जास्त टिकते. दोन्हींचे मिश्रण बहुतेकांना योग्य.

चाचणीचा दिवस

त्या दिवसाचे हिमस्खलन-पत्रक वाचल्याशिवाय निघू नये. धोक्याची पातळी १ ते ५ अशी दिलेली असते, आणि बहुतेक स्लॅब-स्खलने (बर्फाचा अख्खा थर सुटून येणारी स्खलने) ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. नेमके असेच उतार स्की तपासायला मोहात पाडतात. ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओयंत्र), फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे असावेत, ते वापरण्याचा सराव झालेला असावा आणि सोबत जाणता माणूस असावा. स्की तपासण्यासाठी ३० अंशांच्या आतला उतार अगदी पुरेसा आहे.

शक्य असेल तर दोन जोड्या घ्याव्यात आणि एकाच बुटात, एकाच उतारावर, पाठोपाठ वापराव्यात. वेगवेगळ्या दिवसांची तुलना ही बहुधा बर्फांचीच तुलना ठरते. सुरुवातीला तयार केलेल्या सोप्या उतारावर दोन फेऱ्या माराव्यात. त्या फक्त ओळख होण्यासाठी, मत बनवण्यासाठी नाहीत.

मग चढाई. शंभर मीटर चढून काहीच कळत नाही. निदान ६०० मीटर चढावे. पहिल्या अर्ध्या तासात वजन जाणवत नाही, दुसऱ्या तासात जाणवते. पाय उचलायचा नसतो, स्की बर्फावरूनच पुढे सरकवायची असते. ती सरळ सरकते, की टोक दर पावलाला बाजूला झुकते, हे पाहावे. वाटेत एखादा गोठलेला आडवा टप्पा आला की तो टाळू नये. इथे स्की घोट्यातून कलती न ठेवता, स्किन पूर्ण टेकेल अशी तळाने सपाट ठेवून पाहावी, आणि ती सपाट ठेवता येत नसेल तर वरच्या कडेवर उभे राहून पाहावे. रुंद स्की इथे थरथरते. लांब रॉकरच्या स्कीत टोकाकडची स्किन कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे सगळी पकड पायाखालच्या भागावर येते. स्कीच्या कमरेला बसणारे क्रॅम्पॉन (कडक बर्फात रुतणारे धातूचे दाते) मिळतात का, याची चौकशीही याच टप्प्यावर सुचते, आणि सुचलेली बरी.

सर्वांत जास्त शिकवतो तो किक टर्न. तीव्र वाटेच्या वळणावर खालची स्की आडवी रोवून उभे राहावे, वरची स्की नव्या दिशेला फिरवून ठेवावी, वजन तिच्यावर घ्यावे आणि मग मागे राहिलेला पाय उचलून टाच हलकेच खाली झटकावी. टोक वर येते आणि स्की बुटाच्या टोकाभोवती फिरते. टोक जड असेल तर ते वर येत नाही, बर्फात घासत राहते. बाइंडिंग फार पुढे बसवलेले असेल तर मागे लांब राहिलेली शेपटी बर्फात अडकते. एक-दोन वळणांत हे चालून जाते, पण बाराव्या वळणाला मांडीच्या वरच्या स्नायूत गोळा यायला लागतो. म्हणून किक टर्न मोजावेत, आणि दहाव्यानंतर स्कीविषयी मनात काय आले ते थांबून लिहावे.

माथ्यावर वारा असेल तर उत्तम. हातमोजे न काढता स्किन सुटते का, स्किनचा शेपटीवरचा आकडा (हूक) जागेवर राहतो का, शेपटी बर्फात रोवून स्की उभी राहते का, हे सगळे तिथेच पाहायचे असते. फार गोलाकार शेपटीवरून स्किनचा आकडा निसटतो. ही तक्रार दुकानात कधीच लक्षात येत नाही.

उतरताना

पहिली तीन वळणे थांबून विश्रांती न घेता घ्यावीत. पाय चढून दमलेले असतात, श्वास पुरता जागेवर आलेला नसतो, आणि नेमक्या याच अवस्थेत ही स्की आपण वर्षभर वापरणार असतो. पावडर मिळाली तर तिचा आनंद जरूर घ्यावा, पण गुण त्यावर देऊ नयेत.

गुण देण्याच्या जागा वेगळ्या आहेत. वाऱ्याने दाबून बसवलेल्या बर्फावर टोक वर राहते की आत घुसते? पाय पडताच फुटणाऱ्या पापुद्र्यात शेपटी सुटते का? शेपटी ताठ आणि सपाट असेल, तर ती पापुद्र्याखाली अडकते आणि वळण पूर्ण होत नाही; थोडा उठाव असेल तर स्की आडवी सरकवता येते. मला विचाराल तर दुहेरी वापराच्या स्कीचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्यासाठी मी घट्ट बर्फावरची थोडी पकड आनंदाने सोडून देईन. त्यानंतर इतरांच्या स्कींनी नांगरून ठेवलेल्या बर्फात एकदा वेगाने, लांब वळणे घेत जावे. टोके फडफडत असतील तर वेग कमी करावा आणि किती वेगापर्यंत ती शांत होती, याची नोंद करावी. हलक्या स्कीवर पुढे रेलून दाब देण्याऐवजी शरीर मध्यावर ठेवून वळावे. जड स्कीची सवय असणाऱ्याला हे जमायला अर्धा दिवस लागतो, तेवढी सवलत स्कीला द्यावी.

अरुंद जागेत, झाडांमध्ये किंवा दरडीच्या चिंचोळ्या पट्टीत, आडवे घसरत उतरून पाहावे. अचानक थांबून पाहावे. आणि शेवटच्या सपाट वाटेवर स्केटिंग करत बाहेर पडताना स्की पुढे धावते की ओढावी लागते, तेही पाहावे. मात्र इथे तळाला वॅक्स आहे की नाही, हे आधी तपासलेले असावे.

ड्रिल हातात घेण्यापूर्वी

निर्णय त्याच संध्याकाळी घेऊ नये. दोन-तीन दिवसांनी नोंदी वाचाव्यात आणि चढाईच्या नोंदी आधी वाचाव्यात, कारण उतरणीच्या आठवणी त्यांना झाकून टाकतात. दोन जोड्यांत मन अडकले असेल, तर पापुद्र्यातल्या आणि किक टर्नच्या नोंदींना दुप्पट वजन द्यावे.

बाइंडिंग बसवताना घाई महागात पडते, कारण हलक्या गाभ्यात पुन्हा पुन्हा छिद्रे पाडता येत नाहीत आणि जुन्या-नव्या छिद्रांत निदान सेंटिमीटरभर अंतर लागते. नवख्याने सुचवलेल्या रेषेवरच बसवावे. धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिलिमीटरचे आणि नसलेल्या स्कीला ३.६ मिलिमीटरचे ड्रिल लागते. बहुतेक स्कींवर ते बारीक अक्षरांत छापलेलेच असते. बाइंडिंगचा ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारा) कमरेइतका किंवा त्याहून दहा-पंधरा मिलिमीटर रुंद असावा. त्याहून रुंद ब्रेकचे पाय कड लावताना बर्फात ओढले जातात. सुटण्याचे मूल्य, म्हणजे किती जोर पडल्यावर बाइंडिंगने बूट सोडावा ते, अंदाजाने न ठेवता, उंची, वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पातळी सांगून तंत्रज्ञाकडून लावून घ्यावे. पहिल्या दोन-तीन सहलींनंतर सगळे स्क्रू क्रमांक ३ च्या पोझिड्राइव्हने तपासावेत. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांची खाच खराब करतो.